धाराऊ ते ‘कूसिन मने’ : लेकरू दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा आपला इतिहास

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत इतिहासावर लिहायचे म्हटले की गडकोट, लढाया, चळवळी आणि थोरामोठ्यांची चरित्रे डोळ्यांपुढे येतात. ते सारे आपल्या अभिमानाचे आहेच. पण यंदा आम्ही एक लहानसा, घरगुती वाटणारा विषय निवडला आहे. कामावर जाणाऱ्या आईबापांना आपले तान्हे मूल दुसऱ्या बाईच्या हाती द्यावे लागते. ते मूल त्या नव्या माणसाशी कसे रुळते? आपल्या समाजाने हा प्रश्न पूर्वी कसा सोडवला आणि आज कसा सोडवतो आहे?

आम्ही पदविका घेऊन सरकारी नोकरीला लागलो त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. कामानिमित्त खानापूर तालुक्यातल्या पंचायतींत फिरणे होते. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस, नंदगडचा बाजार, लोंढ्याची गाडी हे सगळे रोजच्या ओळखीचे. या फिरण्यात एक बदल नजरेत भरतो. पूर्वी प्रत्येक सोप्यात बसलेली दिसणारी आजी आता तिथे नसते. कुणी मुलाकडे गोव्याला गेलेली असते, कुणी पुण्याला, तर कुणी स्वतःच रोजगार हमीच्या कामावर असते. सून नोकरीला किंवा शेतावर. मग घरातले दीड वर्षाचे पोर कुणाकडे? हा प्रश्न बेळगावच्या नोकरदार घरात आहे, तसाच खानापूरच्या वीटभट्टीवरही आहे. म्हणून त्याचा मागचा धागा शोधावासा वाटला.

बाप्पाच्या घरातलीच गोष्ट

ज्याचा उत्सव आपण करतो त्या गणरायाचा भाऊ कार्तिकेय. त्याला हे नावच त्याला सांभाळणाऱ्या सहा कृत्तिकांवरून मिळाले. पार्वतीचा पुत्र म्हणून तो पूजला जातो, पण दूध पाजून वाढवणाऱ्या सहा जणींचे नाव त्याने कायमचे लावले. गोकुळातही तेच. जन्म देवकीचा, बाळपण यशोदेचे. आपल्या पुराणांनी सांभाळणारीला कधी परकी मानले नाही. तिला आईच्या बरोबरीचा मान दिला.

वैद्यकग्रंथांतही हा विषय आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळासाठी दाई कशी निवडावी याचे सविस्तर वर्णन येते. ती निरोगी असावी, स्वभावाने शांत असावी, स्वच्छ असावी, मुलांवर माया करणारी असावी, असे तिचे गुण सांगितले आहेत. बाळाची खोली कशी असावी, खेळणी कशी असावीत, हेही तिथे आहे. ती रंगीत, आवाज करणारी आणि हलकी असावीत. टोकदार, तोंडात जाणारी किंवा भीती वाटेल अशी नसावीत. आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढची सूचना. मूल रडले किंवा जेवत नसले तर राक्षस-पिशाचांची नावे घेऊन त्याला भिववू नये. बागुलबुवाचा धाक दाखवून मूल गप्प करणे हा शॉर्टकट इतक्या जुन्या काळीही ठाऊक होता, आणि तो चुकीचा आहे हेही ठाऊक होते.

कापूरहोळची धाराऊ

आपल्या इतिहासात अशा सांभाळणारीचे सर्वांत ठळक नाव धाराऊ गाडे यांचे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. महाराणी सईबाई आजारी असल्याने बाळाला दूध पाजण्यासाठी जवळच्याच कापूरहोळ गावच्या धाराऊंना आणले गेले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाईंचे निधन झाले, तेव्हा शंभूराजे सव्वादोन वर्षांचे होते. मुलाला आईचा चेहरा पक्का कळतो, पण ती कुठे गेली हे सांगून कळत नाही, असे ते वय.

या प्रसंगाकडे आपण बहुधा त्याग आणि निष्ठेची गोष्ट म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण तिच्यात बालसंगोपनाचाही एक मोठा धडा आहे. आई गेली त्या दिवशी शंभूराजांना कुणा अनोळखी बाईच्या हाती देण्यात आले नाही. धाराऊ आधीपासून तिथे होत्या. आई असतानाच ती दुसरी मांडी ओळखीची झाली होती. शिवाय आजी जिजाऊसाहेब होत्या. एक हात सुटला तेव्हा दुसरे दोन हात आधीच धरलेले होते. धाराऊंचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हेही पुढे संभाजीराजांसोबत राहिले, म्हणजे सांभाळणारीचे सबंध घरच बाळाशी जोडले गेले.

याच राजपुत्राच्या आयुष्यात दुसरा प्रसंग आला तो १६६६ मध्ये. आग्र्याहून निसटल्यावर शिवाजी महाराजांनी नऊ वर्षांच्या शंभूराजांना मथुरेला त्रिमल घराण्याकडे ठेवले आणि स्वतः वेगळ्या वाटेने स्वराज्यात पोहोचले. कृष्णाजी, काशी आणि विसाजी त्रिमल हे मोरोपंत पिंगळ्यांचे नातेवाईक. परक्या मुलखात, परक्या बोलीत, शत्रूच्या हद्दीत नऊ वर्षांचा मुलगा त्या घरातलाच होऊन राहिला आणि पुढे सुखरूप राजगडावर आला. बापाचा विश्वास ज्या घरावर होता, ते घर ओळखीतून जोडलेले होते. आणि ज्याने दोन वर्षांचे असताना विश्वासाच्या हातांत बाळपण काढले, तो नऊ वर्षांचा असताना नव्या माणसांत धीराने राहू शकला. याला आम्ही योगायोग मानत नाही. इतिहासकारांनी यावर काय म्हणावे ते म्हणोत, घरात मुले वाढवणाऱ्यांना हे पटण्यासारखे आहे.

पाठराखीण

राजवाड्याबाहेरच्या सामान्य घरात मात्र असे दाई ठेवणे कुठले? तिथे आजी, आत्या, चुलती, मोठी बहीण यांच्यावरच मूल वाढे. सांभाळणारी घरातलीच असल्याने मुलाला रुळवण्याचा वेगळा प्रश्नच येत नसे. बाळ जन्मल्यापासून तोच आवाज, तोच वास, तीच वाकळ.

तरीही नव्या घरात जीव रुळायला वेळ लागतो, हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक होते. कारण मुली लहान वयात सासरी जात. त्यासाठी पाठराखीण होती. लग्न झालेल्या मुलीसोबत घरची एखादी वडीलधारी बाई सासरी जाई आणि काही दिवस तिथे राही. मग मुलीला न्यायला मुऱ्हाळी येई. ती माहेरी येई, परत जाई, पुन्हा येई. एकदम तोडून टाकणे नाही. येणेजाणे, येणेजाणे करत हळूहळू सासर आपले होई. बाळंतपणानंतर बाळाला घेऊन सासरी निघालेल्या लेकीबरोबरही अनेक घरांत आई चार दिवस जाऊन राहते.

या प्रथेत जे शहाणपण आहे ते तीन गोष्टींत सांगता येते. ओळखीचे माणूस सोबत जाते. ते लगेच परतत नाही. आणि गेलेले माणूस पुन्हा येते, याचा अनुभव मिळतो. पुढे हजारो मैल दूरच्या शास्त्रज्ञांनी लहान मुलांबद्दल जे शोधून काढले, ते या तीन गोष्टींच्या फार बाहेर नाही. गंमत अशी, की नव्या नवरीसाठी आपण पाठराखीण नेमली, पण काळ बदलून तान्हे मूलच परक्या दारात जायला लागले तेव्हा त्याच्यासाठी पाठराखीण नेमायचे विसरलो.

गिरणी, वखार आणि बाळगोळी

हा काळ बदलला तो कारखान्यांमुळे. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक स्त्री असे. कोकणातून, घाटावरून आलेल्या या बायांची आजी, आत्या गावाकडे राहिलेली. खोलीत मूल सांभाळायला कुणी नाही आणि पाळी तर चुकवता येत नाही. मग बाळाला अफूची बारीक गोळी दिली जाई. तिचे नाव बाळगोळी. गोळी दिली की मूल तासन्‌तास झोपे. १९३१ मध्ये आलेल्या कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालातही या अफूचा उल्लेख आहे. ती देणारी आई निर्दय नव्हती. तिच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता.

कायदे हळूहळू आले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. १९६६च्या विडी कामगार कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती.

विडी म्हटले की आपल्याला निपाणी आठवणारच. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या तिथल्या बायांनी संघटना बांधून मजुरीसाठी लढा दिला. ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपटही केला. वखारीत धूळ, खाट आणि उष्मा. तिथे मूल नेण्यासारखे नाही. घरी बसून विडी वळणाऱ्या बाईला तर कायद्यातले पाळणाघर मिळतच नाही, कारण तिचा कारखाना म्हणजे तिचे स्वतःचे घर. सूप मांडीवर आणि मूल त्या सुपाशेजारी. कायदा कारखान्याच्या दारात थांबतो आणि आपल्या भागातल्या बहुतेक कष्टकरी बाया त्या दाराबाहेरच असतात. शेतावर, भट्टीवर, बांधकामावर. दिल्लीत १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाईल क्रेशेस’ सुरू केली ती हीच उणीव ओळखून. काम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाईल, असा त्यांचा विचार होता. पुढे ते काम मुंबई, पुण्यातही पोहोचले.

बोर्डीचे अंगण

मुलापर्यंत आपण जायचे, हा विचार मात्र त्याआधीच मराठी मुलखात रुजला होता. त्याचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे.

ताराबाईंचा जन्म १८९२चा. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. ताराबाई १९२३ मध्ये तिथे गेल्या आणि माँटेसरी पद्धत या मातीत कशी रुजेल याचा दोघांनी ध्यास घेतला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. शहरात नाव झाले. पण खेड्यातल्या मुलाचे काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडेना. १९४५च्या अखेरीस त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बालविधवा म्हणून आयुष्य सुरू करून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत गेल्या, त्या कायमच्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. बोलावून आणली तरी टिकेनात. अनोळखी इमारत, अनोळखी बाया, आणि गावाने आजवर दिलेली वागणूक, हे सारे त्या मुलांच्या मनात असणारच. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, आईबापांना अडाणी ठरवले नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. तिथल्याच अंगणात मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी घ्यायच्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरायचे. आई समोरच भांडी घासते आहे, आजी उंबऱ्यावर बसली आहे, आणि मूल नव्या बाईंच्या मांडीवर. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

या शब्दाचे खरे मोल आम्हाला इथे दिसते. नव्या माणसाशी मुलाने जुळवून घ्यावे, ही अपेक्षा उलटवून ताराबाईंनी नव्या माणसालाच मुलाच्या अंगणात पाठवले. आधी बाईंनी रुळायचे, मग मूल आपोआप रुळते.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे वारली मुले. काही मुले गुरांमागे जात, म्हणून कुरणशाळा निघाल्या. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी आकाराला आली. धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरलीने वर्गात बसायचे. धाकट्याची ओळखीची ताई हाकेच्या अंतरावर आणि थोरलीची शाळा बुडत नाही. इतका साधा आणि इतका खोल विचार आजही क्वचित दिसतो. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरचा. या योजनेच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज बिदरपासून चामराजनगरपर्यंत कन्नड आयाही हाच शब्द उच्चारतात. आपल्या खानापुरात मराठी घरातली आई आणि शेजारची कन्नड आई मुलाला एकाच नावाच्या जागी पोहोचवतात. दोन्ही भाषांच्या लोकांनी आपला म्हणून वापरलेला हा शब्द बोर्डीच्या अंगणातून आला आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

गप्प मूल आणि रुळलेले मूल

ताराबाई बोर्डीत काम करत होत्या, त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन आईपासून दूर झालेल्या लहान मुलांचा अभ्यास करत होते. रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. ती आठ दिवस इस्पितळात होती. त्या काळी आईला सोबत राहू देत नसत. अशी मुले आधी जोरात रडतात, मग मलूल होतात आणि शेवटी शांत, ‘शहाणी’ दिसू लागतात. दवाखान्यातले लोक म्हणत, बघा, रुळले. रॉबर्टसन यांनी दाखवून दिले, की ती शांतता रुळल्याची नसते, आशा सोडल्याची असते. त्यानंतर ब्रिटनमधल्या इस्पितळांनी हळूहळू आईबापांसाठी दारे उघडली. १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालाने ते धोरणच सुचवले.

बाळगोळीनेही मूल गप्प होत असे. गप्प मूल आणि रुळलेले मूल यांतला फरक न ओळखणे ही जुनी चूक आहे. आजची बाळगोळी म्हणजे मोबाईल. सांभाळणारी बाई म्हणते, पोर मुळीच रडत नाही, आणि आपण निर्धास्त होतो. ते का रडत नाही, हे विचारायला हवे.

जर्मनीत १९८०च्या दशकात पाळणाघरांसाठी एक पद्धत तयार झाली, ती बर्लिनच्या नावाने ओळखली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा बाप मुलासोबत तासभर तिथे बसतो. मुलाला सोडून जायचे नाही आणि ढकलायचेही नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन अर्ध्या तासापर्यंत बाहेर जायचे. मूल रडले आणि नव्या बाईंनी घेतल्यावर शांत झाले, तर वेळ वाढवत न्यायची. शांत झाले नाही, तर परत यायचे आणि आणखी काही दिवस सोबत बसायचे. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन-तीन. नजर चुकवून पळायचे नाही, हा मुख्य नियम. ही पाठराखीणच नव्हे तर दुसरे काय?

आमच्या घरी हेच थोड्या वेगळ्या रीतीने घडले. आम्ही दोघेही नोकरीला. धाकटी तेरा महिन्यांची असताना दोन गल्ल्या पलीकडच्या एक मावशी मिळाल्या. त्यांच्या घरी कन्नड, आमच्या घरी मराठी. घरच्यांनी रजा शिल्लक ठेवली होती. पहिले पाच-सहा दिवस मावशी आमच्याकडेच येऊन सोप्यात तांदूळ निवडत बसत. मुलीला उचलायला त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलगीच सुपात हात घालायला गेली. मग तिची वाकळ घेऊन मावशींच्या घरी एक तास, मग दोन तास. निघताना ‘येते गं’ म्हणूनच निघायचे, असे ठरले. रडणे झालेच, मावशी ‘अळबेडा, अळबेडा’ म्हणत तिला घेऊन विहिरीपर्यंत चक्कर मारत. पंधरवड्यात ती स्वतः हात पुढे करू लागली. पुढे कितीतरी दिवस ती ताकाला ‘मज्जिगे’ म्हणे, आणि आमच्या घरात सगळेच मज्जिगे म्हणू लागलो.

खानापुरात आज

आम्हाला रजा मिळाली. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. २०१७च्या दुरुस्तीने कायद्यातली प्रसूती रजा २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पण जून-जुलैत चिखलात उभी राहून भाताची रोपलावण करणाऱ्या बाईला कसली रजा? वीटभट्टीवर आणि कौलाच्या कारखान्यावर मजुरी करणारीला कसली? अंगणवाडीचे शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. त्याखालच्या बाळाला तिथून आहार मिळतो, लस टोचायची आठवण मिळते, पण दिवसभराची मांडी मिळत नाही.

ही पोकळी भरायला कर्नाटकाने २०२३-२४च्या अर्थसंकल्पात ‘कूसिन मने’ जाहीर केली. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बायांच्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी चार हजार ग्रामपंचायतींत पाळणाघरे, आणि सांभाळणाऱ्या बाया गावातल्याच, रोजगार हमीचे कार्ड असलेल्या. कन्नडात कूसु म्हणजे तान्हे मूल, मने म्हणजे घर. मराठी कानाला मात्र त्यात आईची कूस ऐकू येते. शब्दांचे कूळ काय ते पंडितांनी ठरवावे. आम्हाला हा योग गोड वाटतो.

या योजनेतली चांगली गोष्ट म्हणजे सांभाळणारी गावचीच असते. तिच्या अंगाला तोच चुलीचा वास असतो, तिच्या बोलण्यात तीच बोली असते. आपल्या सीमाभागात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. भाषेवरून इथे काय काय झाले ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. १९५६ पासून आपण ते जगतो आहोत. पण दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत भाषा म्हणजे ओळखपत्र नव्हे. ती भूक, तहान, ‘शी झाली’, ‘आई कुठे’ एवढे सांगायचे साधन आहे. ते कळणारे माणूस समोर नसेल तर मूल रडते, आणि रडूनही कळले नाही तर गप्प होते. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की नोंदवह्या आणि प्रशिक्षण कन्नडात असो, मुलाशी पहिले काही महिने बोलणारीला मुलाच्या घरची बोली यायला हवी. कन्नड घरातल्या मुलाला कन्नड, मराठी घरातल्या मुलाला मराठी. एकदा माया जडली की दुसरी भाषा मूल मज्जिगेसारखी सहज पिऊन टाकते.

दुसरी गोष्ट या बायांच्या मोबदल्याची. अंगणवाडीच्या बाईंना सुरुवातीपासून पगार नाही, मानधन. त्यांना नोकर म्हणत नाहीत, मानसेवी म्हणतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तेव्हा कुठे कायद्याने त्यांचे काम काम म्हणून मोजले. मुलाच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. परवडत नाही म्हणून सांभाळणारी दर सहा महिन्यांनी बदलत राहिली, तर मुलाला दर वेळी नव्याने रुळावे लागते. धाराऊ टिकल्या म्हणून शंभूराजांना आधार मिळाला.

मंडळाने काय करावे

हे सारे वाचून कुणी म्हणेल, आजीच घरी असती तर हा प्रपंचच नको होता. पण आजीच्या मांडीवर मूल वाढवायचे तर आजीनेही आयुष्यभर घरातच बसायचे, असा त्याचा अर्थ होतो. ते आता होणे नाही आणि होऊही नये. पूर्वीच्या घरातून उचलायचे ते शहाणपण, आणि ते आहे पाठराखणीचे.

आपल्या मंडळात साठी ओलांडलेल्या, घरची जबाबदारी हलकी झालेल्या कितीतरी भगिनी आहेत. गल्लीत एखादी सून पहिल्यांदा कामावर जाणार असेल, तेव्हा पहिले आठ-दहा दिवस तिच्या बाळासोबत नव्या मावशींच्या घरी तासभर जाऊन बसणे, एवढे काम त्यांनी अंगावर घ्यावे. बाळ तुम्हाला ओळखते, मावशींना ओळखत नाही. तुम्ही दोघींमधला पूल व्हाल. पंचायतीच्या कूसिन मनेला भेट देऊन घरची जुनी, धुतलेली वाकळ, लाकडी खेळणी द्यावीत. तिथल्या बाईंना गौरी-गणपतीला हळदीकुंकवाला बोलवावे. आणि कामावर जाणाऱ्या आईला ‘पोराला टाकून जाते’ असे म्हणणे आपल्या तोंडून कायमचे जावे.

कृत्तिकांना देवांनी आकाशात जागा दिली, धाराऊंना इतिहासाने दिली. आपल्या गल्लीतल्या मावशींना निदान आपल्या घरात मानाची जागा मिळो, आणि त्यांच्या मांडीवर रुळणाऱ्या प्रत्येक लेकराचे बाप्पा भले करो. सर्वांना गणेशोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!